मस्कत, सूर, निझवा : पाहुणचाराच्या वाटेने

ओमानमध्ये सायकलवर निघालं तर रात्री राहायचं कुठे, याला दोन उत्तरं आहेत. पहिलं म्हणजे कुठेही. समुद्रकाठ, वादीचा म्हणजे पावसाळी नदीच्या पात्राचा कोरडा काठ, डोंगराचा आडोसा. कुणाची वस्ती किंवा बाग सोडून तंबू ठोका, कुणी हटकत नाही. ओमानी कुटुंबं स्वतः सुटीच्या दिवशी हेच करतात. दुसरं उत्तर आपल्या माणसांचं. माझा मावसभाऊ मस्कतला, कॉलेजातला मित्र सूरला आणि रत्नागिरीचा जुना शेजारी निझव्याला. हे तीन ठिपके जोडले की सहाशेच्या वर किलोमीटरचा त्रिकोण तयार होतो: एक बाजू समुद्राची, एक वाळवंटाच्या कडेची, एक डोंगराची. प्रेक्षणीय स्थळांची यादी करून मार्ग आखला असता तरी फार वेगळा निघाला नसता. पण मी यादी केली नव्हती, मी फोन केले होते.

आणि ते आत्ताच करायला हवे होते. आखातातला पत्ता नोकरीला बांधलेला असतो. व्हिसा मालकाच्या नावावर, घर बहुधा कंपनीचं किंवा करार असेपर्यंत भाड्याचं. पंचवीस-तीस वर्षं काढली तरी माणूस तिथला होत नाही आणि करार संपला की महिन्या-दोन महिन्यांत बिऱ्हाड आवरून परत. नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं, ती अट 2021 च्या जानेवारीत गेली; पण ओमानी तरुणांना कामावर घेण्याचं धोरण पुढे सरकतंय, तसे जुने लोक परततायत. अमेरिकेतला काका वीस वर्षांनीही त्याच घरी सापडेल. मस्कतच्या भावाबद्दल ती खात्री नाही. माझ्या तिन्ही यजमानांपैकी दोघांची निघायची भाषा सुरू होती.

आपल्या लोकांकडे जायचं तर त्यांच्या सुटीप्रमाणे जावं लागतं. 2013 पासून तिथली साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवार झाली आहे, त्यामुळे उत्तम पाहुणा गुरुवारी संध्याकाळी पोहोचतो. रविवारी सकाळी पोहोचणारा पाहुणा दिवसभर एकटाच रिकाम्या फ्लॅटमध्ये फ्रीज उघडत-मिटत बसतो. मधले दिवस रस्त्यावर आणि तंबूत, असं गणित मांडलं की सायकलच्या रोजच्या सत्तर-ऐंशी किलोमीटरला ते बरोबर बसतं. मोसम नोव्हेंबर ते मार्चचा. त्यानंतर आतल्या भागात पारा चाळिशी ओलांडतो आणि हौसेचं रूपांतर इस्पितळाच्या खाटेत होऊ शकतं.

मुंबईहून मस्कत विमानाने पावणेतीन तासांच्या आत. सायकल खोक्यात. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, याने विमानतळावर ते खोकं पाहिलं आणि म्हणाला, "मला वाटलं तू गंमत करतोयस." वहिनींनी मात्र घरी सायकलची सोय आधीच करून ठेवली होती, बाल्कनीत जुनी चादर अंथरून. इमारतीचा रखवालदार मल्याळी. सायकल लिफ्टने वर न्यायची की नाही, यावर त्याने थोडा विचार केला आणि मग स्वतःच दार धरून उभा राहिला.

मस्कत हे एक शहर नाही. डोंगरांच्या मध्ये सापडलेल्या सपाट तुकड्यांवर वसलेली ती वेगवेगळी गावं आहेत: मत्रा, रुवी, अल खुवैर, सीब. सरळ रस्ता म्हणजे रुंद हमरस्ता, त्यावर भरधाव गाड्या. सायकलला तो नकोच. पण शुक्रवारी पहाटे समुद्रकाठच्या रस्त्याने मत्रा गाठावं. डावीकडे बंदरात डाऊ म्हणजे लाकडी जहाजं, उजवीकडे पांढऱ्या घरांची रांग, तिच्यामागे लवातियांचा जुना बंदिस्त मोहल्ला. हे सिंध-कच्छकडून आलेले खोजा व्यापारी, कित्येक पिढ्यांपासून ओमानी. सूकमधला, म्हणजे बाजारातला, म्हातारा अत्तरवाला माझ्याशी सरळ हिंदीत बोलला. त्यात नवल नाही. 1970 पर्यंत या देशाच्या व्यवहारात रुपया चालत होता, 1959 नंतर रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी छापलेला. आजच्या सुलतानांचे आजोबा तैमूर बिन फैसल गादी सोडल्यावर पुढे मुंबईत राहिले आणि 1965 मध्ये तिथेच वारले. पुढे जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याच्या जवळ मोतीश्वर महादेवाचं देऊळ आहे, गुजराती-कच्छी व्यापाऱ्यांच्या वहिवाटीतलं. सायकलची क्लीटवाली चप्पल बाहेर काढून आत गेलो तर आरतीला निम्मी गर्दी तरी मराठी असावी. महाराष्ट्र मंडळाची कुठलीशी वर्गणी तिथेच, पायऱ्यांवर ठरत होती.

पाहुणचाराबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती प्रवासभर पुरली. यजमान आणि सायकलवाला यांची अंतराची मापं वेगळी असतात. दादाच्या हिशेबात सूर म्हणजे दोन तास. त्यामुळे "सकाळी नाश्ता करून नीघ" याचा अर्थ त्याच्याकडे दहा वाजता. माझ्या हिशेबात दहा वाजता चाळीस किलोमीटर मागे पडलेले हवेत. वहिनींनी ही अडचण न बोलता सोडवली: आदल्या रात्री थालीपिठं लावून फॉइलमध्ये गुंडाळली, वर लसणाची चटणी, आणि बाल्कनीतल्या सायकलच्या पॅनिअरमध्ये, म्हणजे सामानाच्या पिशवीत, ठेवून दिली. पहाटे साडेचारला मी निघालो तेव्हा घर झोपेत होतं. माझ्या मते दूरच्या प्रवासात यजमानाने द्यावं ते हेच: भाकर आणि मोकळीक. बाकी सगळा आग्रह आहे.

मस्कतमधून वादी अदाईच्या खिंडीतून अमरातला चढलं की शहर संपतं. पुढे कुरियात नव्वद किलोमीटरच्या आसपास, आणि तिथून सूरपर्यंत समुद्र डाव्या हाताला. 17 क्रमांकाचा हा रस्ता रुंद आहे, कडेची पट्टी चांगली आहे, आणि हिवाळ्यात वायव्येकडून येणारा शमाल वारा पाठीशी असतो. म्हणूनच हा त्रिकोण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरावा. उलट जाणाऱ्यांचे तोंडाला फेस आलेले चेहरे मी पाहिले. पाण्याची काळजी वाटते तेवढी नाही. गावागावातल्या मशिदींबाहेर थंड पाण्याचे कूलर असतात, कुणीही भरून घ्यावं. पेट्रोल पंपाला जोडून मल्याळी माणसाचं 'कॉफी शॉप' असतंच. करक चहा, अंडं आणि चिप्स भरून गुंडाळलेला पराठा. पण दोन पंपांमध्ये साठ-सत्तर किलोमीटर काहीच नसू शकतं, तेव्हा चार-पाच लिटर जवळ हवंच. कपड्यांचंही सांगून ठेवतो: आतल्या गावांत तंग लायक्रा घालून फिरू नये. गुडघ्याखालपर्यंत ढगळ पँट वरून चढवली की लोक मोकळेपणाने बोलतात.

रस्ता जिथे वाद्या ओलांडतो तिथे कडेला रंगीत पट्ट्यांचे खांब उभे असतात, पाणी किती चढलं ते दाखवणारे. कोरड्या दगडगोट्यांच्या पात्रात ते खांब विनोदी दिसतात. 2007 च्या जूनमध्ये गोनू चक्रीवादळात याच किनाऱ्यावरचे रस्ते आणि पूल वाहून गेले, हे मित्राने नंतर सांगितलं तेव्हा विनोद ओसरला. डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही वादी येते.

बिम्माचं प्रसिद्ध विवर, तिवीची वादी शाब. ही ठिकाणं सगळीकडे वाचायला मिळतील आणि सुटीच्या दिवशी तिथे पार्किंग मिळत नाही. सायकलला मिळतं. मी मात्र सांगणार आहे ते कल्हातबद्दल. सूरच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर, हमरस्त्याच्या वरच्या अंगाला, एका उजाड पठारावर एक पडझड झालेली चौकोनी कबर उभी आहे, बीबी मरियमची. बाकी सगळे दगड. हे एकेकाळचं मोठं बंदर, होर्मुझच्या राज्याचं दुसरं शहर. 1508 मध्ये पोर्तुगीज अल्बुकर्कने ते लुटलं आणि जाळलं. 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता इथे आला तो सूरहून पायी. त्याच्या जहाजाने सूरला नांगर टाकला होता, पलीकडे कल्हात दिसत होतं, अगदी जवळ वाटत होतं. त्याने वाटाड्या केला, सोबत खिद्र नावाचा एक हिंदुस्थानी माणूस घेतला आणि निघाला. वाटाड्या लुटारू निघाला, पाणी संपलं, रात्र उघड्यावर काढावी लागली, खिद्र तर पार गळाला. दुसऱ्या दिवशी वेशीपाशी पोहोचला तेव्हा बतूताचे पाय इतके सुजले होते की उभं राहवेना. शहराच्या अमिराने त्याला सहा दिवस ठेवून घेतलं. तिथे त्याने झाडाच्या पानांवर भाजलेला मासा भातासोबत खाल्ला आणि लिहून ठेवलं की असा मासा कुठे खाल्ला नाही. आणि तो तांदूळ हिंदुस्थानातून येतो. इतक्या मोठ्या प्रवाशाने एवढ्याशा अंतराचं एवढं रडगाणं गावं याची मला फार गंमत वाटते. पण खिद्रचं पुढे काय झालं, त्यालाही सहा दिवस मिळाले का, हे तो सांगत नाही. सोबत्यांची अशीच गत होते.

कल्हातच्या पायथ्याशी, रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला, नैसर्गिक वायू थंड करून द्रवरूपात जहाजांवर चढवणारा प्रकल्प आहे. 2000 सालापासून तिथून जहाजं सुटतात. संध्याकाळी त्याची ज्योत लांबून दिसू लागली, आणि तिच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला पांढऱ्या गाडीला टेकून माझा मित्र उभा होता. सांगलीच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. "बस गाडीत, सायकल मागं टाकू," म्हणाला. नाही म्हटलं. तो चिडला. मग काय वाटलं कोण जाणे, ताशी वीसच्या वेगाने, धोक्याचे दिवे लावून, सूरपर्यंत माझ्या मागे मागे गाडी चालवत आला. मागच्या ट्रकवाल्यांनी त्याला काय काय म्हटलं असेल! आमच्या पंधरा वर्षांतल्या गप्पांपेक्षा त्या तासाभराने जास्त काम केलं.

सूर हे जहाजं बांधणाऱ्यांचं गाव. मलबारातून सागवान यायचं आणि इथल्या खाडीकाठी डाऊ उभ्या राहायच्या; खजूर घेऊन मुंबईला, झांजिबारला जायच्या. 1951 मध्ये इथेच बांधलेली 'फतह अल खैर' आता जमिनीवर जतन करून ठेवली आहे. कारखान्यात अजून एखाददुसरं लाकडी जहाज उभं असतं, आणि त्यावर काम करणारे सुतार आपल्याकडचेच. मित्राच्या घरी दोन रात्री राहिलो. पहिल्या रात्री खोबऱ्याचा रस्सा, दुसऱ्या रात्री बांगडा. त्याच्या मुलाने माझ्या सायकलचे गिअर मोजले आणि विचारलं, "बाबांना हे का जमत नाही?" मित्र म्हणाला, "बाबांना ऑफिस आहे." मग आम्ही तिघे संध्याकाळी खोर अल बतहच्या झुलत्या पुलावरून ऐजाच्या दीपगृहापर्यंत गेलो, बाप मुलाच्या छोट्या सायकलवर. उन्हाळ्यात त्याचा करार संपतोय. घरातलं अर्धं सामान खोक्यांत गेलेलं होतं. पाहुण्यासाठी म्हणून चार ताटं वर काढली होती.

सूरहून आत वळलं की वारा बदलतो. पाठीचा वारा तोंडावर येतो आणि समुद्राऐवजी बाभळी दिसतात, त्यांचे काटे रस्त्याच्या कडेला. कामिलला मागच्या चाकाचा एक स्पोक तुटला. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, कारण गिऱ्हाईक होतं: बागेत, बांधकामावर, किराणा दुकानात काम करणारे बांगलादेशी आणि पाकिस्तानी मजूर. ओमानात खरं सायकल चालवणारे तेच, हेल्मेट नाही, दिवा नाही, मागे गॅसची टाकी. दुकानदार चितगावकडचा. माझं चाक उलटं टांगून त्याने अंगठ्याने एकेक स्पोक छेडला, कान लावून ऐकलं, तीन ठिकाणी पाव फेरा दिला. मापाचा स्पोक नव्हता. दुसऱ्याच चाकाचा काढून त्याचं टोक कापून नव्याने आटे पाडले. मोजून अर्धा रियाल, म्हणजे शंभरेक रुपये घेतले. "किती पगारावर फिरता?" त्याने हिंदीत विचारलं. पगाराशिवाय फिरतो म्हटल्यावर तो हसला नाही. पुन्हा एकदा चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "मग सांभाळून चालवा."

बिदिया आणि इब्रा ही वाळवंटाच्या कडेवरची खजुराची गावं. उजवीकडे डोंगर, डावीकडे शर्किया वाळूच्या तांबूस टेकड्या. बिदियाजवळ दुपारी सावलीत टेकलो असताना एका म्हाताऱ्याने गाडी थांबवून खूण केली: चल. मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, गालिच्यावर मांडी घालून बसलो. पाय समोरच्याकडे पसरायचे नाहीत, खजूर उजव्या हाताने घ्यायचा, आणि वेलदोड्याचा कहवा पुरे झाला की पेला किंचित हलवायचा; नाहीतर ओतणारा ओततच राहतो. त्याचा मुलगा इंग्रजी बोलत होता. मुंबई म्हटल्यावर म्हातारा उठला आणि आतून मूठभर खारका घेऊन आला. उन्हाळ्यात इथे मबसली जातीचा खजूर पिवळा असतानाच उतरवतात, तांब्याच्या मोठ्या कढयांत उकळतात आणि उघड्या मैदानात पसरून वाळवतात. पिढ्यान्‌पिढ्या तो माल मुख्यतः हिंदुस्थानात जातो. आपल्या बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवातली खारीक कुठून येते याचा मी आयुष्यात विचार केला नव्हता. म्हाताऱ्याने केला होता. मुंबईचे लोक एवढ्या खारकांचं करतात काय, हे त्याला विचारायचं होतं. मी लाडू समजावून सांगितला. मुलाने भाषांतर केलं. बाळंतीण म्हटल्यावर आतून, पडद्यामागून, बायकांचा हसण्याचा आवाज आला.

इब्राहून मुदैबीच्या बाजूने इझकी आणि मग बिरकत अल मौज. इथून जबल अखदरचा चढ लागतो. वर मोटारीने जायचं तर चारही चाकं ओढणारीच गाडी लागते, पोलीस चौकीत तपासतात. 2010 मध्ये सुरू झालेल्या 'टूर ऑफ ओमान' शर्यतीचा निकाल बहुधा याच चढावर लागतो: 5.7 किलोमीटर, सरासरी साडेदहा टक्के. बोरघाट ज्यांनी सायकलने चढला आहे त्यांनी तो दुपटीने उभा करून पाहावा. मी आधी निझव्याला मुक्कामी पोहोचलो, सामान तिथे टाकलं आणि दुसऱ्या सकाळी रिकाम्या सायकलने परत पंचवीसेक किलोमीटर येऊन चढलो. भरल्या पॅनिअरने तो जमला नसता. ओळखीचं घर असण्याचा हा रोकडा फायदा.

निझव्याचा माझा शेजारी भारतीय शाळेत गणित शिकवतो. 1975 मध्ये मस्कतला पहिली मोठी भारतीय शाळा उभी राहिली, आता देशभर वीसच्या वर आहेत; त्यांच्या आधाराने कितीतरी कोकणी, केरळी शिक्षक गावोगाव पोहोचलेत. तो दर्यावर्दी कोकणी मुसलमान घराण्यातला, आजोबा जहाजावर. भाभींनी सांदणं केली होती. रत्नागिरीत आमच्या घरी ईदला ताटात यायची तीच, हळदीच्या पानाशिवाय. "पान कुठून आणू इथे?" म्हणाल्या. संध्याकाळी तो मला फलज दारिसच्या काठी घेऊन गेला. डोंगराच्या पोटातलं पाणी भुयारातून, नुसत्या उतारावर, कोसच्या कोस आणून बागांना वाटायचं अशी ही जुनी व्यवस्था. 2006 मध्ये युनेस्कोने यादीत घेतलेल्या पाच फलजांपैकी हा एक. कुणाच्या बागेला किती वेळ पाणी, हे वाटे ठरलेले. जुन्या काळी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून वेळ मोजत. गणिताचा मास्तर हे सांगताना रंगात आला. पाण्यात पाय सोडून आम्ही बसलो होतो आणि छोटे मासे टाचा टोचत होते. तोही पुढच्या वर्षी परततोय. रत्नागिरीत घराचा वरचा मजला बांधायला काढलाय. त्याच्या मुलींना मात्र निझवा सोडायचा नाही. त्या इथेच जन्मल्या, गाव म्हणजे त्यांच्या लेखी हे.

शुक्रवारी सकाळी किल्ल्याच्या बुरुजाखाली बकऱ्यांचा बाजार भरतो. गोल कट्ट्याभोवती गिऱ्हाईक बसतं आणि विकणारे बकरी ओढत भोवती फिरतात, ओरडत. आठच्या आत पोहोचावं, नऊला आटोपतं.

निझवा पाचशे मीटर उंचीवर, त्यामुळे परतीचा रस्ता इझकीची चढण ओलांडल्यावर सुमाइलच्या खिंडीतून मस्कतपर्यंत उताराचाच. एकशे साठ-पासष्ट किलोमीटर. दमदार माणूस एका दिवसात करेल, मी फंजाला एक रात्र काढली.

मस्कतला खोकं पुन्हा भरताना वहिनींनी ओमानी हलवा आणला, दादाने डोंबिवलीच्या आत्यासाठी केशर दिलं, मित्राच्या घरून सांगलीला द्यायचं पाकीट होतं आणि रत्नागिरीसाठी भाभींनी दिलेला बखूरचा, म्हणजे धुपाचा, डबा. वजन काट्यावर गेलं तेव्हा तंबूचे खुंट बाहेर काढावे लागले. पुढच्या हिवाळ्यात सूर आणि निझवा हे ठिपके नसतील. सोहारच्या बंदरात दादाचा मेहुणा आहे, अजून तीन वर्षांचा करार. मस्कतपासून दोनशेच्या वर किलोमीटर, बरका-सुवैकमार्गे, बातिनाहचा सपाट किनारा, गावं दाट, वारा मात्र थेट तोंडावर. त्याला फोन करून ठेवला आहे.